टिनाची अभ्यासिका, पांढरा रंग अन् खोटं बोलणारी गन

पार्श्वभूमी

सासुरवाडीच्या गावातल्या अभ्यासिकेचं टिनाचं छप्पर उन्हाळ्यात कमी तापावं म्हणून आम्ही काय केलं अन् काय चुकलं, त्याचा हा हिशोब. गावाचं नाव लिहीत नाही, गावातल्या लोकांनीच तशी अट घातली. यवतमाळकडच्या वणीच्या पट्ट्यातलं गाव आहे एवढं सांगतो, म्हणजे काळी माती, कापूस, तूर, अन् रस्त्यावर रात्रंदिवस कोळशाचे ट्रक. माझी सासुरवाडी. मी तालुक्याच्या ठिकाणी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळं गावात मी एकतर "जवाईबापू" नाहीतर "सर", अन् कूलरची मोटर बंद पडली तरी लोकं मलाच विचारतात.

ग्रामपंचायतीच्या मागं एक जुना हॉल आहे, चाळीस बाय वीसचा, विटांच्या भिंती अन् वर साधा पन्हाळीचा टिन. आधी तिथं कापसाच्या गाठोड्या पडून राहायच्या, मग पोरांनी झाडून पुसून अभ्यासिका केली. एक रिटायर्ड गुरुजी सकाळ-संध्याकाळ चावी सांभाळतात, पस्तीसेक पोरंपोरी बसतात. २०२४ च्या मार्चात पोलीस भरतीचे फॉर्म निघाले तेव्हा तर जागा पुरेना, शेजारच्या दोन गावांतून पोरं यायला लागली.

अन् नेमका तेव्हाच उन्हाळा लागला.

अडचण काय होती

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दुपारी दीडला मी सहज आत गेलो, तर चार पोरं उरलेली अन् तीही ओला दुपट्टा डोक्याला बांधून. बाकीचे साडेअकरालाच घरी पळायचे. एक डबडा कूलर होता, तो फुल चालू होता, पण त्याच्यासमोर बसलं तरी डोकं तापायचं. आमच्याकडं लोकं म्हणतात "वरून तवा ठेवल्यावानी", ते अगदी बरोबर आहे, कारण कूलर हवा गार करतो, पण वरचा टिन जी उष्णता किरणांनी थेट डोक्यावर फेकतो तिला हवेशी काही देणंघेणं नसतं. चुलीसमोर बसल्यावर मागून पंखा लावला तरी तोंड भाजतंच ना, तसं.

गुरुजींनी भिंतीवर एक साधा थर्मामीटर टांगला होता. बाहेर कडुनिंबाच्या सावलीत ४३ अन् आत ४४ च्या वर. म्हणजे सावलीत बसण्यापेक्षा छपराखाली बसणं जास्त गरम. नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, अजून महिनाभराच्या वर पुढं होता.

ग्रामपंचायतीकडून काही होणार नव्हतं, लोकसभेची आचारसंहिता लागलेली, नवीन काम काढता येत नाही म्हणून सरपंचबाईंनी सरळ सांगितलं. मग लोकवर्गणी झाली. छब्बीस हजार जमले. सगळा खेळ या छब्बीस हजारात बसवायचा होता अन् पुढं जे काही निर्णय चुकले त्यातले अर्धे याच आकड्यामुळं चुकले.

काय काय पर्याय होते

पहिला सगळ्यांच्या तोंडात होता तो थर्माकोलची सिलिंग. शहरात दुकानांत असते तशी. उष्णता अडवायला चांगली, पण आमच्या हॉलमध्ये उंदीर कापसाच्या काळापासूनचे रहिवासी आहेत, वायरिंग सगळी उघडी टिनाखालून गेलेली, अन् थर्माकोल पेटला तर काळा धूर किती होतो हे मी स्वतः पाहिलेलं आहे. तीस-पस्तीस पोरं अन् एकच दरवाजा. मी नाही म्हटलं, त्यावर थोडी नाराजी झाली.

दुसरा मोठा कूलर. पोरांना तोच पाहिजे होता. पण मे महिन्यात गावात पाणी दिवसाआड येतं, लाइटचा भरवसा नाही, अन् वरचा तवा तसाच राहणार.

तिसरा हिरवी नेट टिनाच्या वर फूटभर अंतरावर ताणायची. हा पर्याय खरंतर वाईट नव्हता, टिनावर सावली पडते अन् मधून वारा जातो. पण मे-जूनमध्ये वावधन सुटतं तेव्हा गोठ्यावरची नेट शेजारच्या वावरात जाऊन पडते हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून तो सुटला. आता वाटतं तो जरा लवकर सोडला आम्ही.

चौथा चुना. चुन्यात फेविकॉल टाकून छपराला मारायचं, हजार-बाराशेत काम. सिमेंटच्या स्लॅबला हे छान चालतं. पण टिनावर जस्ताचा मुलामा असतो अन् जस्त हा असा धातू आहे की त्याला आम्लही खातं अन् कडक अल्कलीही खातं. ओला चुना चांगलाच अल्कली. शिवाय पन्हाळीच्या टिनावर तो धरत नाही, पहिल्या पावसात वळचणीला पांढरी धार. वर्गणीच्या पैशातून दरवर्षी चुना मारायला कोण चढणार हाही प्रश्न होताच.

पाचवा पर्याय आला यूट्यूबवरून. बीएस्सीला असलेला एक पोरगा, हुशार आहे, त्यानं मला व्हिडिओ दाखवला की अमेरिकेत असा पांढरा रंग काढलाय जो भर उन्हात हवेपेक्षाही गार राहतो. "सर, हे खरं आहे का फेकाफेकी?"

खरं आहे. अन् इथं मला जरा थांबून सांगावंच लागेल, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच झाले.

छपराला तापवणाऱ्या-निववणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक, ऊन किती परत फेकतो. दोन, स्वतःची उष्णता अदृश्य किरणांनी किती सोडतो, याला एमिसिव्हिटी म्हणतात, शून्य ते एक असा आकडा. चकचकीत टिन ऊन बऱ्यापैकी परत फेकतो, पण जे काही घेतो ते सोडत नाही, कंजूस आहे, त्याची एमिसिव्हिटी ०.२ ते ०.३ च्या आसपास. रंगाची ०.९ च्या आसपास, मग तो रंग पांढरा असो का काळा. आता ही सोडलेली उष्णता जाते कुठं, तर आभाळात. हवेतली वाफ अन् बाकीचे वायू ही किरणं बरीचशी अडवतात, पण ८ ते १३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांबीच्या लहरींच्या पट्ट्यात एक खिडकी उघडी असते, तिथून उष्णता थेट अंतराळात निघून जाते. हिवाळ्यात पहाटे अंगणात उभ्या मोटरसायकलची सीट ओली होते अन् मांडवाखालची कोरडी राहते, ते यामुळंच. उन्हाळ्यात आपण बाज ओसरीतून अंगणात ओढतो, ती वाऱ्यासाठी ओढतो असं वाटतं, पण अर्धं काम उघडं आभाळ करतं.

रात्री हे जुनंच. दिवसा जमवणं अवघड, कारण ऊन इतकं येतं की थोडंही पिऊन घेतलं तर सगळी कमाई गेली. २०१४ मध्ये स्टॅनफर्डमध्ये आस्वथ रामन अन् शानहुई फान यांच्या गटानं चांदीवर हाफ्नियम ऑक्साइड अन् सिलिकाचे सात पातळ थर बसवून ९७ टक्के ऊन परत फेकणारी चकती केली, ती भर उन्हात हवेपेक्षा ४.९ डिग्री गार राहिली. पण चांदी अन् सात थर, हे काही अभ्यासिकेचं छप्पर नाही. मग पर्ड्यू विद्यापीठात झियुलिन रुआन यांच्या गटानं साध्या रंगासारखा फासता येईल असा प्रकार काढला, २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा, ९८.१ टक्के परत फेकणारा. बाजारातला चांगला पांढरा रंग ८० ते ९० टक्के फेकतो. आकड्यात फरक लहान दिसतो, पण उलटं बघा, एक शंभरातले दहा-वीस पितो अन् दुसरा दोन.

बेरियम सल्फेट म्हणजे काही दुर्मिळ वस्तू नाही, पोटाचा एक्सरे काढताना पेशंटला जे पांढरं पाजतात तेच. आंध्रात कडप्याकडं मंगमपेटला त्याच्या दगडाची मोठी खाण आहे. हे ऐकल्यावर आमच्या बीएस्सीवाल्याचे डोळेच चमकले.

पहिला निर्णय: घरी रंग बनवायचा का

तो म्हणाला पावडर स्वस्त मिळते सर, आपणच करू. मी अडवलं नाही, कारण पाच किलोचा प्रयोग करायला काय जातं. त्यानं नागपूरहून पावडर आणली, अॅक्रिलिकच्या पांढऱ्या रंगात कालवली, अन् टिनाच्या एका तुकड्यावर फासली.

पहिल्या तुकड्यात पावडर कमी टाकली तर काहीच फरक दिसेना. याचं कारण असं की बेरियम सल्फेट प्रकाश फार वाकवत नाही, त्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश किती वाकवतो तो आकडा, १.६४ च्या आसपास अन् रंगातल्या चिकटद्रव्याचा १.५ च्या आसपास, मग प्रकाशाला दोघांत फरकच कळत नाही. नेहमीच्या पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड २.७ च्या घरातलं, म्हणून ते थोडंसं टाकलं तरी झाकतं, फक्त ते अल्ट्राव्हायोलेट पिऊन घेतं अन् म्हणून एका हद्दीपुढं जात नाही. पर्ड्यूवाल्यांनी बेरियम सल्फेट आकारमानाच्या ६० टक्के ठासून भरलं, अन् कणही एका मापाचे नाही, लहानमोठे मिसळले, म्हणजे उन्हातल्या वेगवेगळ्या लांबीच्या लहरींना वेगवेगळे कण अडवतात.

मग पोरानं दुसऱ्या तुकड्यात ठासून भरलं. पांढरं झालं, पण बोट फिरवलं की बोट पांढरं. चिकटद्रव्य कमी पडलं की रंग खडूसारखा होतो, एका पावसाचा सोबती. शिवाय बाजारातली पावडर जाडीभरडी अन् किंचित राखाडी, लोखंडाचा अंश असतो. अन् पर्ड्यूचा तो थर ४०० मायक्रॉनच्या आसपास जाड होता, आपले ब्रशचे दोन हात सुकून त्यापेक्षा बरेच पातळ भरतात. पुढं त्यांनीच बोरॉन नायट्राइड वापरून १५० मायक्रॉनमध्ये ९७.९ टक्के आणलं, पण ते आमच्या तालुक्याच्या दुकानात येईपर्यंत ही पोरं हवालदार होऊन रिटायर होतील.

तर निर्णय असा झाला की बाजारात मिळतो तो तयार पांढरा छपराचा रंग घ्यायचा, टायटॅनियमवाला. आठ दिवस प्रयोगात गेले असं गुरुजी म्हणाले. मला ते आठ दिवस वाया गेले असं वाटत नाही, पोरांना एवढं मटेरियल सायन्स कोणत्या पुस्तकातून कळलं असतं.

दुसरा निर्णय: मोजायचं कसं

हा भाग मी मुद्दाम लांबवून लिहितोय कारण इथं सगळं प्रकरण गुंडाळायची वेळ आली होती.

पूर्ण छप्पर रंगवण्याआधी दोन टिनं रंगवून पाहू असं ठरलं. वर्गणी दिलेली लोकं बघायला जमली, सरपंचबाई आल्या. मी कॉलेजातून इन्फ्रारेड गन आणली होती, कोरोनात कपाळाला लावायचे त्याचीच मोठी बहीण. दुपारी दोनला शिडीवर चढून पेंटरनं गन धरली. बिनरंगाचा टिन, ३१. रंगवलेला टिन, ४८.

खाली एकदम शांतता. मग सरपंचबाई म्हणाल्या, "जवाईबापू, तुमच्या रंगानं त टिन आखीन तापला न बाप्पा!"

काही लोकं हसले, एक काका म्हणाले, "पैसे वापस करा मंग." मी फिजिक्सचा मास्तर, अन् दोन मिनिटं मलाही सुचेना. मग पेंटरच ओरडला, "सर, हे मशीन येडं आहे, ३१ वाल्याले हात लावला त चटका बसला!"

तिथं डोक्यात लख्ख पडलं. गन तापमान मोजतच नाही, ती समोरून येणारे उष्णतेचे किरण मोजते अन् समोरचा पदार्थ ०.९५ एमिसिव्हिटीचा आहे असं धरून चालते. चकचकीत टिन स्वतःचे किरण सोडत नाही, उलट आरशासारखा वरचं आभाळ दाखवतो, अन् कोरड्या हवेत ते आभाळ उष्णतेच्या किरणांत चांगलंच थंड असतं. म्हणजे ३१ हा टिनाचा आकडाच नव्हता, त्यात निम्मं आभाळ होतं. रंगवलेल्या टिनाचा ४८ मात्र खरा.

उपाय दोन रुपयांचा. वायरिंगची काळी टेप आणली अन् दोन्ही टिनांना खालून, सावलीच्या बाजूनं, चिकटवली. टेपची एमिसिव्हिटी रंगासारखीच, अन् ती टिनाला चिकटून त्याच्याच तापमानाला येते. दहा मिनिटांनी गन टेपवर धरली. बिनरंगाचा ६२, रंगवलेला ४९. मग मी सरपंचबाईंनाच शिडीवरून हात वर करून दोन्ही टिनांच्या खाली धरायला लावला. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त गुरुजींना म्हणाल्या, "लावून टाका."

इथं एक कबुली. मी हे आधीच घरी तपासून जायला पाहिजे होतं. चार लोकांसमोर पहिला आकडा उलटा आला की मग खरा आकडा पण लोकं संशयानंच घेतात, गावात अजूनही दोघं-तिघं म्हणतात की सरांनी टेप लावून मशीन फिरवलं.

तिसरा निर्णय: किती रंग घ्यायचा

हॉल चाळीस बाय वीस, म्हणजे आठशे फूट, असा साधा हिशोब पेंटरनं केला अन् मी मान हलवली. यात उतार धरला नाही, वळचणीचा भाग धरला नाही, अन् मुख्य म्हणजे पन्हाळी धरली नाही. पन्हाळीचा टिन उलगडून सपाट केला तर वरून दिसतो त्यापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्त भरतो. म्हणजे प्रत्यक्षात हजाराच्या वर काम होतं. रंगाचे दोन ड्रम आणले, साधारण अकरा हजार, टिनासाठीचा खास प्रायमर (रंगाखाली मारायचा पहिला हात) चार हजारांचा, मजुरी, तारेचे ब्रश, सडलेले वायसर बदलायला जे-बोल्ट, असं करत पैसे संपत आले अन् आढ्याच्या दोन्ही बाजूंची तीन-तीन फुटांची पट्टी उरली. रंग ताणून ताणून पुरवला असता, प्रायमर मात्र पार संपला.

दुकान शहरात, दुसऱ्या दिवशी ढग आलेले. पेंटर म्हणाला माझ्याकडं घरी अर्धा डबा रेड ऑक्साइडचा लाल प्रायमर आहे, तो मारून घेऊ, लोखंडाले तोच त लावतो आपण. मी हो म्हटलं. दीड दिवस वाचवायचा होता.

काय केलं, थोडक्यात

छप्पर धुतलं, गंज घासला, पेंटर अन् त्याच्या भाच्यानं पहाटे सहा ते साडेनऊ एवढ्याच वेळात काम केलं कारण नंतर टिनावर पाय ठेवता येत नाही अन् रंग ब्रशवरच सुकतो. चार दिवस गेले. उरलेल्या पैशात कूलरच्या जाळ्या नवीन टाकल्या अन् आढ्याखाली दोन्ही टोकांना गरम हवा निघायला झरोके फोडले. झरोक्यांची आयडिया गुरुजींची, त्यांच्या लहानपणी कवेलूच्या घरात असायचे तसे.

निकाल, पहिल्या उन्हाळ्यात

आमच्याकडं आता नीट मोजायची सवय लागली होती. टेबलटेनिसचा बॉल काळा रंगवून त्यात थर्मामीटर घातला अन् तो बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगला, असा बॉल हवा अन् वरून येणारे किरण दोन्ही पकडतो, म्हणजे माणसाला जे वाटतं त्याच्या जवळचा आकडा देतो. रंगाआधी, सारख्याच उन्हाच्या दुपारी, हा बॉल ४७ दाखवायचा, रंगानंतर ४२. नुसती हवा ४४.५ वरून ४१.५ वर आली. यात झरोक्यांचा वाटा किती अन् रंगाचा किती हे वेगळं काढता येत नाही, दोन्ही एका आठवड्यात केल्यामुळं.

४१.५ म्हणजे काही थंड नाही. व्हिडिओतल्यासारखं हवेपेक्षा गार तर अजिबात नाही झालं, तसं होणारही नव्हतं. पण फरक असा पडला की कूलर लावल्यावर त्याचा उपयोग कळायला लागला, अन् पोरं साडेअकराऐवजी अडीच-तीनपर्यंत टिकायला लागली. नवतप्यात मात्र दुपारी हॉल रिकामाच, ते मान्य करावं लागेल.

निकाल, पावसाळ्यानंतर

दिवाळीच्या आधी वर चढलो तर आढ्याच्या दोन्ही पट्ट्यांवर रंग पोपडे धरून उचललेला. बाकी छप्पर ठणठणीत. बरोबर तेवढाच भाग जिथं रेड ऑक्साइड लावला होता. तेलकट जातीचा प्रायमर जस्तावर थेट मारला की ओलाव्यात दोघांची रासायनिक गट्टी जमते अन् मध्ये साबणासारखा थर तयार होतो, मग वरचा रंग कितीही महागाचा असो, तो साबणावर उभा. पेंटरचं चुकलं नाही, लोखंडाला तो बरोबरच सांगत होता. टिनावर वरून जस्त आहे हे मला माहीत होतं, चुन्याच्या वेळी मीच तर भाषण दिलं होतं, अन् तरी ढग बघून हो म्हटलं.

निकाल, हिवाळ्यात

हे कोणालाच सुचलं नव्हतं. जानेवारीत गुरुजींचा फोन आला की पुस्तकं ओली होतात. पाऊस नाही काही नाही. मी पहाटे जाऊन बसलो तर टिनाच्या खालून थेंब टपकत होते. साधा टिन कंजूष होता म्हणून रात्री फारसा निवत नव्हता, आता वरून रंग लावल्यामुळं तो निरभ्र रात्री आभाळाला भरभरून उष्णता देतो अन् दवबिंदूच्या, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं त्या तापमानाच्या, खाली जातो. आत रात्री दहापर्यंत पंधरा-वीस पोरं श्वास सोडत बसलेली अन् थंडी म्हणून झरोके पोत्यांनी बुजवलेले. ती वाफ टिनाला लागून पाणी. मे महिन्यात ज्या गुणाचं कौतुक केलं त्याच गुणानं जानेवारीत सामान्य ज्ञानाची सहा पुस्तकं भिजवली. पोती काढली, कपाट भिंतीच्या आतल्या अंगाला सरकवलं, टपकणं बरंच थांबलं. थंडीची तक्रार मात्र सुरू झाली, तिचं उत्तर स्वेटर.

दुसरं वर्ष, अन् आतून रंगवायची चूक

२०२५ च्या मार्चात टेपवर परत गन धरली तर ४९ च्या जागी ५४. कारण बोटानंच कळलं, छपरावर कोळशाची काजळी. पांढऱ्यावर काळी धूळ म्हणजे केलेल्या कामावर पाणी, अन् आमच्या रस्त्यावर धुळीला तोटा नाही. दोन ड्रम पाणी, कपड्याचा साबण अन् लांब दांड्याचा झाडू, एक सकाळ गेली, आकडा ५० वर आला. तेव्हापासून होळीच्या आधी छप्पर धुवायचं असं पोरांनीच ठरवून टाकलं.

त्याच वेळी आढ्याच्या पट्ट्या खरवडून, यावेळी बरोबर प्रायमर लावून, परत रंगवल्या. रंग थोडा उरला. मी तिथं नव्हतो. पोरांनी विचार केला की आतून पण पांढरा मारू, उजेड वाढेल, गरमी पण कमी होईल. अर्धा हॉल झाल्यावर रंग संपला.

ही चूक मला सगळ्यात जास्त आवडते, कारण अर्धाच रंगवल्यामुळं आपोआप तुलना मिळाली. आतून टिन अजून चकाकत होता, म्हणजे खालच्या बाजूनं तो कंजूषच होता, अन् खालच्या बाजूचा कंजूषपणा आपल्या फायद्याचा, तापलेला असला तरी डोक्यावर कमी फेकतो. तिथं रंग मारला की तो मोकळ्या हातानं उष्णता खाली सोडायला लागतो. बॉल दोन्ही बाजूंना टांगून पाहिला, आतून रंगवलेल्या बाजूला एक-सव्वा डिग्री जास्त. पोरांना मशीन लागलंच नाही, आठ दिवसांत सगळे आपोआप न रंगवलेल्या बाजूला सरकले होते. उजेड मात्र खरंच वाढला, म्हणून संध्याकाळी सगळे परत तिकडं.

परत करायचं झालं तर

रंग तोच घेईन, दोन-चार टक्के जास्त परत फेकणाऱ्या महागड्या रंगासाठी जीव टाकणार नाही, कारण वर्षभराच्या काजळीनं त्यापेक्षा जास्त खाल्लं. तो पैसा प्रायमरमध्ये अन् धुण्याच्या सोयीत घालीन, छपरावर जायला पक्की शिडी अन् एक नळ. आत्ता शिडी दरवर्षी बचत गटाच्या बाईंच्या घरून मागून आणतात.

टिन पन्हाळीसकट दोरीनं मोजीन. दोरी पन्हाळीच्या चढउतारात दाबत न्यायची, पाच मिनिटांचं काम.

झरोके आधी फोडून आठ दिवस मोजीन, मग रंग. म्हणजे कशानं किती झालं ते कळलं असतं, अन् शेजारच्या गावातला सरपंच "नुसते झरोके फोडले तर भागेल का" असं विचारतो तेव्हा मला गप्प बसावं लागलं नसतं.

आतल्या बाजूला हात लावणार नाही. पण हेही सांगतो की टिन जुना, गंजलेला, धुरानं काळा पडलेला असेल तर हा मुद्दा लागू नाही, गंजानं त्याची एमिसिव्हिटी आधीच वाढलेली असते, तिथं आतून रंगवा नाहीतर नका रंगवू, फार फरक पडणार नाही.

अन् नेटचा पर्याय परत उघडीन. छपरावर नाही, पश्चिमेच्या भिंतीवर. चार वाजता ती भिंत इतकी तापते की पाठ टेकवत नाही, अन् ती रात्री नऊपर्यंत उष्णता सोडत राहते. छपराच्या नादात भिंतीकडं आमचं लक्षच गेलं नाही. यंदा तिथं गुरुजींनी दोडक्याचा वेल सोडलाय, मांडवापर्यंत पोचलाय, दोडके पोरं घरी नेतात.

बीएस्सीवाला आता नागपूरला एमएस्सीला आहे, रसायनशास्त्रात. त्याचा पावडर लावलेला तो दुसरा तुकडा अजून माझ्या घराच्या गच्चीवर पडून आहे. पावसानं बराच धुतला गेलाय, पण मधला एक हातभर भाग टिकलाय अन् तो का टिकला हे त्याला अजून सांगता आलेलं नाही.